‘काल गेलो होतो’चे इंग्रजी

इंग्रजी वाक्यात शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती असते. मराठीत ‘वाघाने माणसाला पाहिले’ या वाक्यातले शब्द कसेही फिरवले, ‘माणसाला वाघाने पाहिले’ म्हटले किंवा ‘पाहिले वाघाने माणसाला’ म्हटले, तरी पाहणारा वाघच राहतो. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले असतात आणि शब्द जिथे जाईल तिथे त्याच्यासोबत जातात. शब्द हलवल्याने जोर कशावर आहे तेवढे बदलते. इंग्रजीत मात्र ‘द टायगर सॉ द मॅन’ हे वाक्य फिरवून ‘द मॅन सॉ द टायगर’ केले, की पाहणाराच बदलतो. क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता आणि नंतर जो बसला ते कर्म. तिथे दुसरी खूण नाही.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत राजा कर्ता असला की त्याच्या आधी ‘से’ हा शब्द येई आणि तोच राजा कर्म असला की ‘थोने’ येई. नामांनाही प्रत्यय लागत आणि शब्दक्रम आजच्यापेक्षा बराच मोकळा होता. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे स्वर आणि प्रत्यय झिजत गेले, ‘से’ आणि ‘थोने’ दोन्ही जाऊन एकटा ‘द’ उरला, आणि प्रत्ययांनी सोडलेले काम जागेने उचलले. जुन्या विभक्तीचे अवशेष आज मुख्यतः सर्वनामांत सापडतात: ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’, ‘आय’ आणि ‘मी’.

मध्यम पातळीवर पोहोचलेल्या मराठी विद्यार्थ्याला एवढे ठाऊक असते. ‘आय मँगो ईट’ असे वाक्य तो करत नाही. काळांचे तक्ते त्याचे पाठ असतात, वाचलेले बहुतेक समजते, आणि तरी बोलताना ‘आय डिडन्ट वेंट’, ‘येस्टरडे आय हॅड गॉन टु पुणे’, ‘आय आस्क्ड हिम व्हेअर वॉज ही गोइंग’ अशी वाक्ये तोंडातून निसटतात. या चुकांना निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक मराठी व्याकरणाच्या एखाद्या शिस्तशीर नियमातून येते. तो नियम दिसला, की सराव नेमका कशाचा करायचा तेही दिसते.

पहिला नियम आरशाचा. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तीस भाषांची तुलना करणारा निबंध १९६३ साली प्रसिद्ध केला. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांत साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदाच्या नंतर येते, असे त्यांना आढळले. मराठी या वर्णनात चपखल बसते: ‘जात होता’, ‘आली आहे’, ‘केले असते’. इंग्रजीत क्रम उलटा असतो. ‘ती वाट पाहत राहिली होती’ हे ‘शी हॅड बीन वेटिंग’च्या शेजारी ठेवून पाहावे. ‘पाहत’ म्हणजे ‘वेटिंग’, ‘राहिली’ म्हणजे ‘बीन’ आणि ‘होती’ म्हणजे ‘हॅड’. मराठी साखळी शेवटाकडून वाचत आले, की इंग्रजी साखळी तयार होते. ‘चोर पकडला गेला असता’ आणि ‘द थीफ वुड हॅव बीन कॉट’ यांचेही तसेच आहे.

या इंग्रजी साखळीची शिस्त विलक्षण कडक आहे आणि ती शिकायला सोपीही आहे. पहिले स्थान ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ यांसारख्या शब्दांचे, दुसरे ‘हॅव’चे, तिसरे ‘बी’चे, आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी. मधले कोणतेही गाळता येते, पण क्रम मोडता येत नाही. शिवाय प्रत्येक शब्द आपल्या पुढच्याचे रूप ठरवतो. ‘वुड’ किंवा ‘डिड’च्या पुढे मूळ रूपच येणार. ‘हॅव’च्या पुढे तिसरे रूप येणार. चालू क्रिया सांगणाऱ्या ‘बी’च्या पुढे ‘इंग’ लागणार, आणि कर्मणी प्रयोगातल्या ‘बी’च्या पुढे पुन्हा तिसरे रूप. नोम चॉम्स्की यांनी १९५७ सालच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात ही साखळी एका ओळीच्या सूत्रात मांडली. विद्यार्थ्याला सूत्राची गरज नाही. पुढच्या शब्दाचे रूप मागचा शब्द ठरवतो, एवढे कानात बसले तरी निम्म्या चुका टळतात.

ऐकतानाही हाच नियम उपयोगी पडतो. बोलण्यात ‘ही हॅड’ आणि ‘ही वुड’ दोन्हींचे ‘हीड’ होते. पण ‘हीड गॉन’ ऐकले तर पुढे तिसरे रूप आहे, म्हणजे तो ‘हॅड’. ‘हीड गो’ ऐकले तर पुढे मूळ रूप आहे, म्हणजे तो ‘वुड’. न ऐकू आलेला शब्द पुढच्या शब्दावरून ओळखता येतो.

दुसरा फरक भूतकाळाची खूण कुठे लागते याचा. मराठी भूतकाळी क्रियापद लिंग आणि वचन सांगते, आणि कित्येकदा ते कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते: ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी कैरी खाल्ली’, ‘मी पेरू खाल्ले’. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी नुसते ‘एट’ आहे. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही जोडी सोडली, तर इंग्रजी भूतकाळ कोणाशीही जुळवून घेत नाही. मराठी माणसाला हा मोठा दिलासा वाटावा. पण या साधेपणाची एक अट आहे: भूतकाळाची खूण साखळीतल्या पहिल्याच शब्दाला लागते आणि एकदाच लागते.

‘आय डिडन्ट वेंट’ ही चूक इथे जन्मते. मराठीत ‘मी गेलो’चा नकार ‘मी गेलो नाही’. ‘गेलो’ जसाच्या तसा राहतो, ‘नाही’ शेजारी येऊन बसतो. मराठी मनाला नकारातही क्रियापद भूतकाळीच हवे असते, म्हणून ‘डिडन्ट’ शेजारी ‘वेंट’ येतो. पण इंग्रजीत नकारासाठी ‘डू’ला बोलवावे लागते, साखळीत तो पहिला उभा राहतो, भूतकाळाची खूण त्याच्याकडे जाऊन तो ‘डिड’ होतो, आणि मुख्य क्रियापद खूण उतरवून मूळ रूपात परत जाते: ‘आय डिडन्ट गो’. ‘डू’ची ही नेमणूकही तशी जुनी नाही. १६१६ साली वारलेल्या शेक्सपिअरच्या काळात ‘डू’ न घेता क्रियापदानंतर नुसते ‘नॉट’ ठेवणेही सर्रास चालत असे. सक्ती त्यानंतर पक्की झाली.

प्रश्नाचेही असेच. ‘तू उशिरा का आलास?’ या मराठी वाक्यात ‘का’ घातला की प्रश्न झाला, बाकी काही हलले नाही. त्यातून ‘व्हाय यू केम लेट?’ येते. इंग्रजीत प्रश्नासाठी साखळीतला पहिला शब्द कर्त्याच्या पुढे जातो: ‘व्हाय डिड यू कम लेट?’ याला एक अपवाद आहे आणि तो समजण्यासारखा आहे. ‘हू ब्रोक द ग्लास?’ या प्रश्नात ‘डिड’ नाही, कारण विचारणा कर्त्याविषयीच आहे आणि कर्ता आधीच पहिल्या जागेवर आहे. काही हलवायचे कारण उरत नाही. ‘व्हॉट डिड ही ब्रेक?’मध्ये विचारणा कर्माविषयी आहे, म्हणून ‘डिड’ आला.

एवढी उलटापालट शिकून झाली, की विद्यार्थी ती नको तिथेही करू लागतो. ‘आय आस्क्ड हिम व्हेअर वॉज ही गोइंग’ ही चूक मेहनती विद्यार्थ्याची आहे; प्रश्नाचा नियम त्याने चांगला घोटलेला असतो. पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की तो प्रश्न राहत नाही, आणि क्रम पुन्हा साधा होतो: ‘आय आस्क्ड हिम व्हेअर ही वॉज गोइंग’. इथे मराठी कानाचा उपयोग होतो. ‘तो कुठे जात होता ते मी विचारले’ यात काहीच उलटत नाही, आणि इंग्रजीतही इथे उलटवायचे नसते.

आता मुख्य अडचणीकडे वळता येईल. इंग्रजी भूतकाळ शिकवताना शाळेत जोड्या लावून दिल्या जातात: साधा भूतकाळ म्हणजे ‘गेलो’, पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे ‘गेलो आहे’, पूर्ण भूतकाळ म्हणजे ‘गेलो होतो’. जोड्या पाठ करायला सोप्या आहेत आणि अनेक वाक्यांत त्या चालतातही. जिथे त्या चालत नाहीत तिथे त्या आयुष्यभराची खोड लावतात.

‘काल मी पुण्याला गेलो होतो’ हे रोजच्या मराठीतले अगदी साधे वाक्य. त्यातला ‘होतो’ काय सांगतो? गेलो आणि परतही आलो. ती गोष्ट संपली. आत्ता मी तिथे नाही. ‘काल मी पुण्याला गेलो’ म्हटले तर ऐकणारा पुढच्या हकिकतीची वाट पाहतो. मराठीतला ‘होतो’ अशा ठिकाणी गोष्ट मिटवून बाजूला ठेवतो. इंग्रजी ‘हॅड’चे काम वेगळे आहे. भूतकाळातल्या एखाद्या क्षणी उभे राहून त्याच्याही मागे पाहायचे असेल, तेव्हाच तो लागतो. ‘येस्टरडे आय हॅड गॉन टु पुणे’ ऐकणारा इंग्रज थांबून राहतो, कारण त्याला वाटते की कोणत्या तरी घटनेच्या आधी पुण्याला जाणे झाले होते आणि ती घटना आता सांगितली जाईल. ती येतच नाही. हवे होते ते नुसते ‘आय वेंट टु पुणे येस्टरडे’. ‘मी त्याला परवाच सांगितले होते’, ‘आमच्याकडे मागच्या रविवारी पाहुणे आले होते’, ‘लहानपणी मी एकदा वाघ पाहिला होता’ या सर्व वाक्यांतले ‘होते’ इंग्रजीत एकट्याने ‘हॅड’ मागत नाहीत.

दोन्ही भाषा एकत्र येतात त्या जागाही आहेत. ‘मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ याचे इंग्रजी ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ असेच होते. पोहोचणे हा क्षण आहे आणि सुटणे त्याच्या मागे आहे. इथे ‘हॅड’ काढून ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटले, तर आपण पोहोचलो आणि गाडी डोळ्यांदेखत हलली असा अर्थ होतो. एका शब्दाने गाडी चुकल्याचे कारण बदलते. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ या शब्दांनी आधी काय घडले ते सांगून टाकले असेल, तर मात्र इंग्रज स्वतःही ‘हॅड’ बऱ्याचदा सोडून देतात.

‘आहे’ची अडचण याच्या उलट बाजूची. ‘हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे’ हे मराठीत शुद्ध आहे. वाचनाचा अनुभव आज गाठीशी आहे, हे ‘आहे’ सांगतो आणि ‘गेल्या वर्षी’ला त्याची हरकत नसते. इंग्रजीत ‘हॅव’ आणि संपलेल्या काळाचा शब्द एका वाक्यात नांदत नाहीत. ‘आय हॅव रेड धिस बुक’ चालते, ‘आय रेड धिस बुक लास्ट इयर’ चालते. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन १९९५’, ‘टू डेज अगो’ यांपैकी काहीही आले, की ‘हॅव’ने बाजूला व्हायचे. ‘एव्हर’, ‘सिन्स २०१०’, ‘सो फार’ यांच्यासोबत तो सुखाने राहतो, कारण हे शब्द आजपर्यंत पसरलेला काळ सांगतात. अमेरिकन लोक ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’सोबत साधा भूतकाळही वापरतात, त्यामुळे चित्रपट पाहून गोंधळलेल्या विद्यार्थ्याने त्यात काही वावगे मानू नये.

मराठी भूतकाळी रूपे कधी कधी भूतकाळ सांगतच नाहीत. घरातून निघणारा माणूस दारातून ‘आलो हं!’ म्हणतो, तेव्हा तो अजून गेलेलाही नसतो. ‘चला, निघालो’ म्हणणारा अजून चपला शोधत असतो. ‘भूक लागली’, ‘थकलो बुवा’, ‘समजले’ ही सगळी आत्ताची स्थिती सांगतात. इंग्रजीत यांना वर्तमानकाळ लागतो: ‘आय अॅम हंग्री’, ‘आय अॅम टायर्ड’, ‘आय अंडरस्टँड’, आणि दारातल्या ‘आलो’ला ‘आय विल बी बॅक’. एका अर्थाने हे मराठीचे सौंदर्य आहे: घडणार हे इतके नक्की, की ते घडलेच. पण ते शब्दशः इंग्रजीत नेता येत नाही.

चालू भूतकाळात तुलनेने कमी अडखळायला होते. ‘पाऊस पडत होता’ आणि ‘इट वॉज रेनिंग’ एकमेकांवर नीट बसतात. सांभाळायचे ते एवढेच, की जाणणे, आवडणे, मालकीचे असणे अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना इंग्रजीत सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘मी त्यांना ओळखत होतो’ याचे ‘आय वॉज नोइंग देम’ होत नाही. ‘आय न्यू देम’ होते. सवयीचा भूतकाळही सरळ आहे. ‘सुट्टीत आम्ही नदीवर पोहायला जायचो’, किंवा जुन्या ललित मराठीत ‘जात असू’, यांना ‘वी यूज्ड टु गो’ हे नेमके इंग्रजी आहे. ‘यूज्ड टु’च्या आधी ‘अॅम’ किंवा ‘वॉज’ घातले, की अर्थ पूर्ण बदलून ‘सवय झालेली’ असा होतो.

घडून न गेलेल्या गोष्टींचा भूतकाळ अधिक फसवा आहे. ‘तू आला असतास तर मी तुला दिले असते.’ मराठीत दोन्ही अर्ध्या वाक्यांत ‘असणे’चे एकच रूप खेळते, म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे एकच मोट बांधतो: ‘इफ यू वुड हॅव कम, आय वुड हॅव गिव्हन’. प्रमाण इंग्रजीत दोन अर्धी वेगळ्या मापाची आहेत. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ यू हॅड कम, आय वुड हॅव गिव्हन इट टु यू’. हे समजावून सांगण्यापेक्षा तोंडात बसवणे जास्त महत्त्वाचे आहे, आणि घडू न शकलेल्या गोष्टी प्रत्येकाच्या आयुष्यात भरपूर असल्यामुळे सरावाला वाक्यांची वाण पडत नाही.

वाक्याच्या शेपटीतही आरसा दिसतो. ‘ती काल पुण्यात छान गायली’ या वाक्यात काळ, मग स्थळ, मग रीत, आणि शेवटी क्रियापद असा ओघ आहे. इंग्रजीत ‘शी सँग वेल इन पुणे येस्टरडे’: क्रियापद, रीत, स्थळ, काळ. नेमका उलटा क्रम. काळाचा शब्द जोर द्यायला वाक्याच्या सुरुवातीला नेता येतो, पण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा काही घुसवता येत नाही. ‘शी क्लोज्ड क्वाएटली द डोअर’ कानाला खटकते. ‘शी क्लोज्ड द डोअर क्वाएटली’ हवे. ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘ऑलवेज’ हे शब्द साखळीतल्या पहिल्या साहाय्यकानंतर बसतात: ‘ही हॅड नेव्हर सीन द सी’. साहाय्यक नसला तर मुख्य क्रियापदाच्या आधी: ‘ही ऑफन केम लेट’.

रूपांचे पाठांतर टळत नाही, पण वाटते तेवढे मोठे नाही. नियम न पाळणारी इंग्रजी क्रियापदे सुमारे दोनशे आहेत आणि रोजच्या वापरातली त्याहून कितीतरी कमी. ती वर्णानुक्रमाने पाठ करण्यापेक्षा आवाजाच्या गटांनी करावीत: ‘रिंग-रँग-रंग’च्या शेजारी ‘सिंग-सँग-संग’ आणि ‘ड्रिंक-ड्रँक-ड्रंक’, न बदलणारी ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ एका जागी. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का, याचे उत्तर असे की तो मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ होता. या यादीत शतकानुशतके ये-जा चालू असते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘डिग’चे भूतरूप ‘डिग्ड’ आहे, आज ते ‘डग’ झाले आहे. नियमित क्रियापदांच्या शेवटच्या ‘ई-डी’चे उच्चार मात्र जाणीवपूर्वक घोटावेत. ते तीन आहेत: ‘वॉक्ट’, ‘कॉल्ड’ आणि ‘वॉन्टिड’. ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणाऱ्या धातूंनाच तो जादा ‘इड’ लागतो. ‘वॉकेड’ असा उच्चार फक्त अक्षरे पाहून होतो.

सरावाच्या पद्धतींना मोठी परंपरा आहे. राणी पहिली एलिझाबेथ हिचे शिक्षक रॉजर अॅस्कम यांचे ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५७० साली प्रसिद्ध झाले. लॅटिन उतारा इंग्रजीत करायचा, काही वेळाने मूळ न पाहता तो पुन्हा लॅटिनमध्ये करायचा आणि मग मुळाशी ताडून पाहायचा, ही दुहेरी भाषांतराची रीत त्यांनी त्यात सांगितली. महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी गिरवलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही मराठी आणि इंग्रजी वाक्ये समोरासमोर ठेवूनच चालते. भाषांतराने भाषा येत नाही असे म्हणून पुढे ही वाट बरीच मोडीत काढली गेली. भूतकाळाच्या बाबतीत ते नुकसानीचे ठरले आहे. मराठी भाषकाची चूक जर मराठीतूनच येत असेल, तर दोन्ही भाषा शेजारी ठेवल्याशिवाय ती पकडायची कशी?

विसाव्या शतकात हॅरल्ड पामर यांनी १९१६ साली शंभर पर्याय-तक्ते असलेले पुस्तक काढले. वाक्याचा साचा कायम ठेवायचा आणि एकेका रकान्यातला शब्द बदलत जायचे, अशी ही पद्धत. ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ साली इंग्रजी क्रियापदांचे साचे पुस्तकरूपात मांडले. रेमंड मर्फी यांचे १९८५ साली केंब्रिजहून निघालेले ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ मध्यम पातळीसाठीच आहे. डाव्या पानावर समजावणी आणि उजव्या पानावर स्वाध्याय ही त्याची मांडणी जगभर ओळखीची झाली. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी ते आजही उत्तम आहे. मात्र रिकाम्या जागा भरण्याच्या कोणत्याही स्वाध्यायाला एक मर्यादा असते. क्रियापद कोणते ते दिलेले असते आणि ते कुठे बसवायचे तेही. विद्यार्थ्याला उरते फक्त रूप. बोलताना तिन्ही गोष्टी त्यालाच ठरवायच्या असतात.

म्हणून रिकाम्या जागांपेक्षा पूर्ण वाक्य घडवायला लावणारा सराव हवा. एक वाक्य घेऊन त्याच्या प्रत्येक भागावर प्रश्न करणे हा उत्तम प्रकार आहे. ‘मीना बॉट अ सायकल इन नाशिक लास्ट वीक’ यावर ‘हू बॉट अ सायकल?’, ‘व्हॉट डिड मीना बाय?’, ‘व्हेअर डिड शी बाय इट?’, ‘व्हेन डिड शी बाय इट?’ असे चार प्रश्न होतात, आणि ‘डिड’ कुठे येतो, कुठे येत नाही, ते आपोआप तोंडात बसते. नंतर तेच प्रश्न ‘आय वाँटेड टु नो’ने सुरू करावेत, म्हणजे उलटलेला क्रम पुन्हा सुलटा करण्याचा सराव होतो. काळाचा शब्द बदलत राहणे हा दुसरा प्रकार: ‘येस्टरडे’ आला तर ‘आय सॉ’, ‘सो फार’ आला तर ‘आय हॅव सीन’, ‘बिफोर दॅट डे’ आला तर ‘आय हॅड सीन’. दोघेतिघे मिळून शिकत असतील, तर ऐकून लिहिण्याचा एक प्रकार फार उपयोगी आहे. रूथ वायनरिब यांनी १९९० साली तो पुस्तकरूपाने मांडला. छोटा उतारा बोलण्याच्या वेगाने दोनदा वाचायचा, ऐकणाऱ्यांनी फक्त मुख्य शब्द टिपायचे, आणि मग सर्वांनी मिळून उतारा पुन्हा उभा करायचा. टिपणात ‘ट्रेन’ आणि ‘लेफ्ट’ असतात, ‘हॅड’ नसतो. तो होता की नव्हता यावर जो वाद होतो, तोच खरा अभ्यास.

दुहेरी भाषांतरासाठी उतारा स्वतःच्या दिनक्रमातला असावा. नमुन्यादाखल हा एक: ‘परवा मी बँकेत गेलो होतो. माझ्या आधी दहा जण आले होते. मॅनेजर जेवायला गेले होते. मी अर्धा तास थांबलो आणि शेवटी घरी आलो. पासबुक अजून भरून मिळालेले नाही.’ या पाच वाक्यांत ‘होतो’ आणि ‘होते’ मिळून तीनदा आले आहेत. इंग्रजीत ‘हॅड’ दोनदाच येईल. ‘आय वेंट टु द बँक द डे बिफोर येस्टरडे’: इथे गोष्टीची सुरुवात आहे, मागे वळून पाहणे नाही, म्हणून साधा भूतकाळ. ‘टेन पीपल हॅड कम बिफोर मी. द मॅनेजर हॅड गॉन फॉर लंच’: बँकेत पाऊल ठेवल्याच्या क्षणी या दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या होत्या, म्हणून ‘हॅड’. ‘आय वेटेड फॉर हाफ अॅन अवर अँड केम होम इन द एंड’: गोष्ट क्रमाने पुढे सरकते आहे, पुन्हा साधा भूतकाळ. शेवटचे वाक्य आजचे आहे, म्हणून ‘द पासबुक हॅज स्टिल नॉट बीन अपडेटेड’.

असा उतारा रोज एक पुरे. वहीच्या डाव्या पानावर दिवसभरातल्या घडामोडींची पाचसहा मराठी वाक्ये लिहावीत, बोलतो तशीच, इंग्रजीची सोय न पाहता. उजव्या पानावर त्यांचे इंग्रजी करून जाणत्याकडून तपासून घ्यावे. आठ दिवसांनी उजवे पान झाकून फक्त मराठी वाचत तीच वाक्ये मोठ्याने इंग्रजीत म्हणावीत. म्हणताना ‘होतो’ किंवा ‘होते’ आले, की क्षणभर थांबून पाहावे: गोष्टीतल्या कोणत्या क्षणी उभे राहून मागे पाहिले जात आहे? तो क्षण बोटाने दाखवता आला तर ‘हॅड’ म्हणावे, नाही आला तर साधा भूतकाळ.